निमगावचा निरोप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकांना नाही. प्रार्थनेत तरी? तिथंही नाही. प्रार्थनेत मी 'माझ्या सगळ्या चुका' असं एकगठ्ठा म्हणते आणि पुढच्या विषयाकडे वळते. सोयीचं असतं ते.

तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असाल, तर बहुधा माझ्या हातचं जेवला असाल.

बारामतीत आमची ख्रिस्ती मंडळी लहान आहे. बाहेरून कुणी देवाचा सेवक आला, तर त्यानं उतरायचं कुठं, जेवायचं कुठं, हे कित्येक वर्षं मी ठरवते. मंडळीची सेक्रेटरी मीच. आसपासच्या गावांतल्या घरगुती उपासनांना कोणत्या आठवड्यात कोण जाणार, ती यादीही माझ्याच हातची. जेवणाच्या पाळ्या लावलेल्या असतात, पण निम्म्या पाळ्या शेवटी माझ्याकडे येतात, कारण लोकांच्या घरी ऐनवेळी कुणाचं तरी लग्न निघतं. माझी तक्रार नसते. शिवणक्लास घरातच आहे, दिवसभर मी घरी असते, आणि काम मला येतं. माडीवर पाहुण्यांसाठी खोली आहे – पलंग, टेबल, खुर्ची, दिवा. पवित्र शास्त्रातही एक बाई संदेष्ट्यासाठी अशीच खोली करते. पाळकांनी एकदा उपदेशात तिची गोष्ट सांगताना माझ्याकडे हात केला होता. सगळ्या माना वळल्या. मी पदर सारखा केला. आवडलं होतं मला. आता लपवून काय करू?

पण एक आतली गोष्ट सांगते. वाढणाऱ्या बाईला ऐकावं लागत नाही.

कधी लक्षात आलंय तुमच्या? समोर बसलेल्याला ऐकावं लागतं. वाढणारी मात्र केव्हाही उठू शकते – 'थांबा, गरम भाकरी आणते', 'ताक देऊ का?' पाहुणा बोलता बोलता नको त्या विषयाकडे वळला, की आत जाऊन भांडं वाजवायचं. कुणी नाव ठेवत नाही, उलट कौतुकच होतं. देवानं तुमच्यासाठी मला एक शब्द दिलाय, असं म्हणणारे पुष्कळ येऊन गेले माझ्याकडे. एकाच्या शब्दाचा शेवट लाउडस्पीकरच्या गरजेपाशी झाला. दुसऱ्यानं माझ्या गुडघ्यासाठी तीन दिवस उपास सांगितला आणि स्वतः चौथी भाकरी घेतली. त्यामुळे असा शब्द यायला लागला, की मी उठत असे. हे कारण म्हणून सांगत नाही. पद्धत म्हणून सांगते आहे.

आता दाविदराव.

दाविदराव सणसरचे. सुवार्तिक – म्हणजे पाळक नव्हेत, दीक्षा नाही, झगा नाही, गावोगाव फिरून चार घरांत प्रार्थना घेणारा माणूस. आयुष्यभर लोकांच्या उसाच्या रानात पाणी धरलं आणि उरलेल्या वेळात हे. सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, इकडे कऱ्हाटीपर्यंत. आधी सायकल होती, मग गुडघे गेले आणि एसटी आली. पांढरी टोपी, कापडी पिशवी, पिशवीत शास्त्र आणि पंचा. महिन्यातून एका रविवारी ते आमच्याकडे बोलायचे. त्यांचं 'हाय-न्हाय' ऐकून पुढच्या बाकांवरची कॉलेजातली पोरं खाली मान घालून हसायची. दाविदरावांना ते दिसायचं. एकदा भर उपदेशात थांबून म्हणाले, "हसा की मोठ्यानं. येशूचा पेत्र काय पुण्यात शिकला हुता व्हय?" त्या दिवशी सगळी मंडळी हसली. मीसुद्धा.

आणि आता आक्का. माझी मोठी बहीण, निमगाव केतकीला दिलेली. बारामतीहून एसटीनं तासा-दीड तासाची वाट, आणि मी सहा वर्षं गेले नव्हते. कारण लहान आहे, पण सांगायला हवं. आमची आई शेवटची दोन वर्षं आक्काकडे होती. अंथरुणाला खिळलेली. सगळं आक्कानं केलं. मी महिन्यातून एकदा जायचे, फळं घेऊन. आईला माती दिली त्या दिवशी, सगळ्यांसमोर, आक्का माझ्याकडे न बघता म्हणाली, "ही पाव्हण्यासारखी आली आन् पाव्हण्यासारखी चालली."

खोटं होतं? नव्हतं. म्हणूनच लागलं. मी तिचा फोन उचलणं बंद केलं. पुढं तिच्या पोराचाही – विजयचा. बहिणीशी बोलत नाही हे मंडळीत कुणाला माहीत नव्हतं. विचारलंच, तर 'बरी आहे' म्हणायचे. मला कुठं माहीत होतं बरी आहे की नाही?

तो शनिवार होता. उसाच्या बैलगाड्या रस्त्यावर होत्या, त्यामुळे एसटी रखडली आणि दाविदराव दुपारी दोनला पोचले. हात-पाय धुतले, ओट्यासमोरच्या टेबलापाशी बसले. मी पोळ्या लाटत होते. शेंगदाण्याची चटणी करायची राहिली होती, मिक्सरच्या भांड्यात दाणे, तिखट, लसूण घालून ठेवलं होतं.

"बाई," ते म्हणाले. शिवणक्लासमुळे मला सगळे बाईच म्हणतात. "देव काय आभाळातनं हाक मारीत न्हाय. माणसाकडनंच बोलावतो. म्हंजे आता बगा—"

मी मनात म्हटलं, आला शब्द.

"बसून ऐकता का वाईच?"

"बोला तुम्ही. मी ऐकतेय." पाठ त्यांच्याकडेच होती.

"निमगावास्नं निरोप हाय. आक्कांचा. परवा प्रार्थनेला गेलतो. म्हनल्या, फोन ती उचलायची न्हाय, पर तिच्या घरात देवाच्या माणसाला मान हाय. तुमच्या तोंडनं गेलं तर ऐकंल. म्हनल्या, मी विसराया लागलीय. पोराचं नाव बी मदीच जातंय. तिला म्हनावं, तुला वळखतीय तंवर येऊन जा."

मी मिक्सर लावला.

नीट समजून घ्या. पुढं कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होते, की मिक्सर चालू होता, म्हणून ऐकू आलं नाही. तसं नव्हतं. सगळं ऐकू आलं. शेवटचा शब्द ऐकू आला, त्यानंतर मी बटण दाबलं. दाणे केव्हाच बारीक झाले होते, पार तेल सुटलं, तरी मी बटणावरचा हात काढला नाही. बंद केला तेव्हा दाविदराव माझ्या पाठीकडे बघत बसले असावेत. मी वळले नाही, त्यामुळे नक्की सांगता येणार नाही.

"आयकलं न्हवं, बाई?"

"दाविदराव, पोळी गरम आहे तोवर खाऊन घ्या."

ते जेवले. चटणीला चांगली म्हणाले. रविवारी उपदेश केला, संध्याकाळच्या एसटीला मी त्यांना डबा बांधून दिला. चढताना त्यांनी पुन्हा मागं पाहिलं आणि म्हणाले, "जाऊन या हां." मी मान हलवली. ते मान हलवणं म्हणजे हो होतं का? त्यांनी हो धरलं. दुसरं काय धरणार? पुढच्या महिन्यांत आले, तेव्हा पुन्हा विचारलं नाही.

मी गेले नाही. आधी युनिफॉर्मची ऑर्डर होती, मग उन्हाळा होता, मग शाळा उघडल्या. रोज सकाळी वाटायचं, या आठवड्यात जाऊ. माणूस विसरायला लागतो म्हणजे किती विसरतो? मला वाटलं, आक्काच ती. जरा वाढवून सांगणार.

विजयनं शेवटी दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून फोन केला. मला नंबर कळला नाही, म्हणून मी उचलला. तो एवढंच म्हणाला, "मावशी, एकदा येऊन जा. कवा बी." दुसऱ्या दिवशी गेले.

आक्का दारापुढच्या ओट्यावर बसली होती. मला बघून लगबगीनं उठली. आत गेली, तांब्या-पेला घेऊन आली. "या, बसा," म्हणाली. "पाणी घ्या. उन्हाचं आलासा. कुठनं आलात?"

मला ती कधी अहो-जाहो म्हणाली नव्हती.

मी म्हटलं, "बारामतीहून."

"बारामतीला माझी धाकटी बहीण असती. वळख हाय का?"

मी म्हटलं, "आहे."

"लई कामाची हाय ती," आक्का म्हणाली. "तिला सवड नस्ती."

मी पाणी प्यायले. पेला स्वच्छ घासलेला होता. तुम्हाला वाटेल मी रडले असेन. नाही. पेला खाली ठेवला आणि विजयच्या मागं परसात गेले, कारण तो तिथं उभा राहून मला खुणावत होता.

तो म्हणाला, "मावशी, आईनं तुला निरोप धाडला हुता. दाविदरावांकडनं. चार महिनं पुढच्या वट्ट्यावर बसायची. बस थांबली, की पदर नीट करायची. का आली न्हाईस?"

"कसला निरोप?" मी म्हणाले. "मला कुणीच काही बोललं नाही."

ठरवलं नव्हतं. विचार करायला वेळच नव्हता, असंही म्हणता येईल, पण तेही खरं नाही. एखादं कापड कापताना कात्री जशी सरळ जाते, तसं तोंडातून गेलं. आणि गेल्यावर मला बरं वाटलं. विजयचा चेहरा बदलला. राग माझ्यावरून उठला आणि सणसरच्या दिशेनं गेला. तो जाताना मला दिसला. मी थांबवला नाही.

पुढच्या रविवारी विजय बारामतीला आला. उपासना संपली होती. दाविदराव दारात उभे राहून लोकांना सलाम करत होते. विजयनं सगळ्यांसमोर त्यांना धरलं.

"काय वो, देवाचा निरोप्या म्हनवून घेता, आन् घरचा एक निरोप पोचवता येईना? निमगाव ते बारामती! विलायतेला न्यायाचा हुता का?"

"सांगितलाय की, इजय," दाविदराव म्हणाले. "चटणी वाटत हुत्या बाई. तवाच सांगितलाय."

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी गीतांची पुस्तकं गोळा करत होते. बाकावरचं एक उचललं, हातातल्या गठ्ठ्यावर ठेवलं. मग दुसरं. पाळक मला म्हणाले, "बाई, तुम्हाला काही आठवतंय?" मी म्हटलं, "दाविदराव नेहमीसारखे जेवले, उपदेश केला, गेले. निरोपाचं काही बोलले नाहीत." आवाज शांत होता. मी मंडळीची सेक्रेटरी. माझ्या म्हणण्याला वजन आहे. कोण विश्वास ठेवणार नाही?

पाळकांनी म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दाविदराव, वय झालं आता. होतं असं."

पुढच्या सभेत विषय निघाला. कुणी वाईट बोललं नाही, उलट फार प्रेमानं बोलले. गावोगावचे निरोप, कुणाचं आजारपण, कुणाची मयत, हे सगळं दाविदरावांवर असतं, एवढी धावपळ या वयात नको. सभेचं टिपण मी लिहिते. ते वाक्य माझ्याच अक्षरात आहे: 'श्री. दाविदराव यांना वयोमानानुसार विस्मरण होत असल्याने गावोगावच्या सेवेतून त्यांना सन्मानपूर्वक निरोप देण्यात यावा.' 'निरोप' लिहिताना पेन जरा थांबलं. मराठीत हा एक चमत्कारिक शब्द आहे. येणारा देतो तोही निरोप, आणि जाणाऱ्याला देतात तोही निरोपच. ते माझ्याकडे निरोप घेऊन आले होते. मी त्यांना निरोप दिला. व्याकरणात चूक नव्हती, म्हणून सही केली. यादीतून त्यांचं नावही मीच काढलं. त्यांच्या रविवारी दुसऱ्याचं घातलं.

समारंभही मीच केला. शाल, गुच्छ, मटणाचा रस्सा, बाजरीच्या भाकरी, जिलेबी. व्यवस्था चोख होती. चौघांनी भाषणं केली. दाविदरावांना बोलायला सांगितलं, तर ते उठले, शाल सावरली आणि म्हणाले, "आजवर तुमी माझं आयकलं. आता मी आयकायला बसतो," आणि बसले.

इथपर्यंत मी सांगितलं ते वाईट आहे, पण मला सांगायचं होतं ते हे नाही. लक्षात आलं असेल तुमच्या – मी अजून कडेकडेनंच चालते आहे.

जेवणं झाल्यावर मी मागच्या नळाशी पातेली काढून ठेवत होते. दाविदराव हात धुवायला आले. आसपास कुणी नव्हतं. त्यांनी हात धुतले, पंच्याला पुसले, आणि तिथंच उभे राहिले. मला वाटलं, आता भांडणार. मी तयार होते. भांडले असते, तर बरं झालं असतं.

"बाई," ते म्हणाले, अगदी हळू. "एक इचारू? रागावू नका. म्या सांगितलं हुतं न्हवं? मला तर सगळं दिसतंय. चटणी दिसतीय, तुमची पाठ दिसतीय. पर समदी म्हनत्यात म्हंजे... कवा कवा वाटतं, मनातच बोललो का काय. आक्कांचं तसं झालं, माझं बी तसंच हुतंय का? तुमी खोटं बोलणाऱ्या न्हाय. तुमी सांगा. तुमी सांगाल ते खरं."

माझ्यावर आरोप करायला नव्हते आले ते. आपलं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे विचारायला आले होते. आणि ते सांगू शकेल असं जगात एकच माणूस होतं.

नळ वाहत होता. मी तो बंद केला.

मी म्हणाले, "नाही, दाविदराव. तुम्ही नाही सांगितलं."

त्यांनी पंचा खांद्यावर टाकला. मग त्यांनी टोपी काढली. "मग माझ्या हातनं मोठं पाप झालं बाई. तुमी बहिणीला मुकला. मला माफी करा."

मी म्हटलं, "केली."

एकच शब्द. पुढं त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "देवही करतो," आणि जिलेबी बांधून दिली.

हे सांगायचं होतं. निरोप न ऐकणं, विजयशी खोटं बोलणं, भरल्या मंडळीत तेच खोटं पुन्हा सांगणं – ते सगळं एकीकडे, आणि हे एकीकडे. ज्याचा अपराध मी केला, त्याला मी क्षमा केली. त्याची टोपी त्याच्या हातात असताना.

याला आता तीन वर्षं झाली. माडीवरची खोली आहे, पाहुणे येतात. मी निमगावला महिन्यातून एकदा जाते. आक्का पाणी देते आणि बारामतीच्या बहिणीची चौकशी करते. मी सांगते, बरी आहे.

दाविदराव कधीमधी रविवारी उपासनेला येतात, शेवटच्या बाकावर बसतात. प्रार्थना घेत नाहीत. पण लोकांना सवय आहे, ती जात नाही. सणसरची माणसं अजून त्यांच्याकडेच निरोप देतात. म्हणून त्यांनी एक वही केली आहे. छोटी, खिशात मावणारी. कुणाचा निरोप असला की लिहून घेतात, पोचवला की ज्याला पोचला त्याची त्यापुढं सही घेतात. स्वतःवर भरवसा नाही म्हणतात. लोकांना गंमत वाटते. "दाविदराव, पोस्ट हापीस काढलं का?" ते म्हणतात, "व्हय, तिकीट लावायचं राह्यलंय."

गेल्या रविवारी त्यांच्याकडे माझ्यासाठी निरोप होता. सणसरची घरगुती प्रार्थना बुधवारऐवजी गुरुवारी. त्यांनी तो दोनदा सांगितला, मग वही पुढं केली. "चष्मा घरी राह्यला बाई. पान तुमीच काढा, आन् सही करा."

मी वही उघडली ती पहिल्या पानावर. मोठं, थरथरतं अक्षर. 'निमगावच्या आक्कांचा निरोप, बाईंना. पोचवला नाही. चूक माझी.' पुढं, सहीच्या जागी, त्यांनी स्वतःचंच नाव लिहिलं होतं.

ते शेजारी उभे होते. पेन माझ्या हातात होतं.

मी पानं उलटली, गुरुवारची प्रार्थना सापडली, तिथं सही केली, आणि वही त्यांना परत दिली.